हाताने उचललेला चेंडू

गुरुवारी सकाळी टेकडीच्या उतारावर एक कुत्रं आडवं आलं म्हणून मी ब्रेक दाबला, आणि मिसेस ट्वोमींच्या पिशवीतलं एक सफरचंद निसटून बसच्या मधल्या वाटेनं गडगडत थेट माझ्या केबिनच्या दाराशी येऊन थांबलं. झालं एवढंच. कुत्रं आपल्या वाटेनं गेलं. मी बस पुढच्या थांब्याला लावली, केबिनचं बुटकं दार उघडलं आणि सफरचंद उचलायला वाकले. डावा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. पुढं जाईचना. मग माझ्या उजव्या पायानं ते सफरचंद जरासं मागं ओढलं, बुटाच्या टोकावर घेतलं, वर उडवलं, आणि मी ते हवेत झेललं. सगळं पापणी लवायच्या आत; मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बसमध्ये दहा-अकरा माणसं होती. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मिसेस ट्वोमी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, कायम तिसऱ्या सीटवर बसतात आणि दर गुरुवारी आपल्या झाडाची सफरचंदं खाली शहरात बहिणीला नेऊन देतात. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता जमायला लागलं होय तुला, डेर्वला? सव्वीस वर्षं उशीर केलास, बाई."

बस हसली. मीही हसले, न हसून सांगते कुणाला? सफरचंद पँटला पुसून त्यांना परत दिलं, बस सुरू केली. पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुलावर सिग्नल लाल होता, खाली ली नदीला भरती आली होती, पाणी करडं आणि फुगलेलं, आणि सहज माझं लक्ष स्टिअरिंगवरच्या माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तीनदा मोडलेलं करंगळीशेजारचं बोट वाकडंच राहिलंय, बाकी हात चारचौघींसारखा. पण त्या क्षणी तो मला कुणा पाहुण्याचा हात वाटला, आपल्या घरी उतरलेल्या आणि अवघडून बसलेल्या. मी आठवायला लागले, की जमिनीवरची वस्तू या हातानं मी शेवटची कधी उचलली? घरात मोजे मी पायाच्या बोटांनी उचलते. दारातून आत पडलेली पत्रं पायानं भिंतीशी सरकवते, मग भिंतीवरून वर. डोनल, माझा नवरा, म्हणतो की मी कोंबडीशी लग्न केलंय, सारखी जमीन उकरते. त्याला वाटतं माझ्या गुडघ्यामुळे. मलाही तोवर तसंच वाटत होतं. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला.

आता हे ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्या किलमोरा पॅरिशात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या या वस्तीत, शोधून सापडायचा नाही, पण तरी सांगते. आमचे खेळ दोन. मैदान तेच, गोल तेच, पंधरा जणी त्याच. आडव्या दांडीखालून चेंडू गेला की तीन गुण, वरून गेला की एक, हेही दोन्हीकडे तेच. कॅमोगीत हातात काठी आणि चेंडू मुठीएवढा, चामड्याचा. जमिनीवर पडलेला तो चेंडू हातानं उचलायचा नाही. काठीनं उचला, नाहीतर पायानं. बोट लागलं की शिट्टी. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये हात चालतात; चेंडू मोठा, काठी नाही, आणि बायकांच्या फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून सरळ हातानं उचलता येतो. पुरुषांना येत नाही, त्यांना बुटावर घ्यावा लागतो. आम्हालाच ही सवलत कुणी आणि का दिली देव जाणे. एवढ्या वर्षांत बायकांना कुणी एक गोष्ट सोपी करून दिली, आणि नेमका तिनंच माझा घात केला. दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. माझा एकच हात होता आणि तो दोन्ही डगरींवर होता.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर. फुटबॉलची मंडळी आणि कॅमोगीची मंडळी एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे दोन्ही फायनल एकाच रविवारी लागल्या. बाराला फुटबॉल, साडेतीनला कॅमोगी, मध्ये एकोणीस मैल. आम्ही नऊ जणी दोन्हीकडे होतो. बाराची जिंकलो. कप हातात धरायलाही वेळ नव्हता. आमच्यातल्याच नोएलीन क्रोनिनच्या वडिलांची माशांची व्हॅन होती, तिच्यात मागं बसून आम्ही हॅमचे सँडविच खाल्ले आणि अंधारात, वळणावळणांवर एकमेकींच्या अंगावर पडत कपडे बदलले. नोएलीननं माझा बूट घातला आणि मी तिचा. बांगड्याच्या वासात हसून हसून पोट दुखलेलं मला आठवतं. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा पाऊण तास कुठला असं कुणी विचारलं तर मी लग्नाचा सांगणार नाही, तो सांगेन. दुसऱ्या मैदानाच्या फाटकाशी मास्टर केल्हेर उभे होते. शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला होता आणि शाळा सुटल्यावर कॅमोगी. त्यांनी प्रत्येकीला खांद्याला धरून एकच विचारलं, जमेल ना? आणि आम्ही नऊच्या नऊ म्हणालो, जमेल. एकवीस वर्षांच्या पोरीला फायनलच्या दारात उभं करून विचारलं तर ती दुसरं काय म्हणणार? तुटलेला पाय हातात घेऊन आली असती तरी जमेलच म्हणाली असती.

शेवटचं मिनिट. बरोबरी. चेंडू आमच्याच गोलसमोर गवतात पडला होता आणि आसपास कुणी नव्हतं. याचंच तर लोकांना हसू येतं. धक्काबुक्कीत झालं असतं तर कुणी लक्षातही ठेवलं नसतं. मला वेळ होता, जागा होती, वारासुद्धा पडला होता. मी वाकले आणि डाव्या हातानं चेंडू उचलला. माझ्या हाताला वाटलं अजून दुपारचे बारा वाजलेत. शिट्टी झाली तरी मला कळेना कुणासाठी. त्या चुकीबद्दल मिळालेली फ्री हिट त्यांनी दांडीवरून घातली, एका गुणानं आम्ही हरलो, आणि किलमोराच्या बायकांना तो कप आजतागायत मिळालेला नाही. पण खरं सांगू? जी गोष्ट मी डोनललाही सांगितलेली नाही ती ही, की तो चेंडू हातात फार छान बसला होता. ओलं, जरा कोमट चामडं, शिवणीची कड बरोबर तळव्याच्या रेघेवर. त्या अर्ध्या क्षणात मला इतकं बरं वाटलं, घरी आल्यासारखं. लाज नंतर आली. पुष्कळ आली, पण नंतर.

मास्टर केल्हेर काठ्यांची पिशवी गोळा करून माझ्या शेजारून गेले आणि काही बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हता हो. त्यांच्याजवळ शब्द नव्हते, एवढंच. त्यांच्या मयताला मी शवपेटीला खांदा दिला. पण त्या दिवशी मी मैदानात उभी राहून वाट बघितली, की कुणीतरी येईल आणि काहीतरी म्हणेल. काय म्हणायला हवं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, आंघोळ करून घे. नोएलीन रडत होती, म्हणून मीच तिची समजूत काढली. त्यानंतर आठ वर्षं मी कॉर्क परगण्याची लाल जर्सी घालून दोन्ही खेळ खेळले. डब्लिनच्या मोठ्या मैदानावर चार पदकं जिंकली. बिस्किटांच्या डब्यात सुईदोऱ्याशेजारी पडलीयत. त्याबद्दल बसमध्ये कुणी कधी बोलत नाही. एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला, मग बारा वर्षांखालच्या पोरींना शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं दुसरीला दटावलं, "ए, डेर्वला करू नकोस." चेंडूला हात लावू नकोस, एवढाच तिचा अर्थ. शब्द आईकडून आला होता, आईला तिच्या बहिणीकडून. मी विचारलं, डेर्वला म्हणजे काय गं? तर म्हणाली, हात लावणं, तुला एवढं माहीत नाही आणि तू शिकवणार? मी तिला म्हटलं, बरोबर आहे, शिकेन. माझी सगळी कारकीर्द पॅरिशानं एका क्रियापदात बसवून टाकली, आणि खरं म्हणजे त्याचा मला राग यायला हवा होता. पण येत नाही. कधीकधी बस धुताना मीच पुटपुटते, डेर्वला केलंस ना.

गेली तीन वर्षं मी मोठ्या बायकांच्या कॅमोगी संघाची मॅनेजर आहे, आणि सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा आम्ही फायनलला आलो होतो. त्या रविवारी, डूनकाराविरुद्ध. मंडळांनी आता सुधारणा केलीय: एकाच दिवशी दोन सामने नाहीत. शनिवारी फुटबॉल, रविवारी कॅमोगी. केवढे उपकार. दोन्ही खेळणारी आता एकच उरलीय, साइव्ह लिनहान. वीस वर्षांची, इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकते, शिडीवर चढलेली असते तेव्हाही शिट्टी वाजवत असते. पाच आठवडे दर शनिवार-रविवार ती पळतेय. मांडीचा मागचा स्नायू तारेसारखा ताणलाय. मी बोट लावलं तर हसून म्हणाली, गुदगुल्या होतात. तिच्याशिवाय आम्ही डूनकाराला हरवू शकत नाही. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि क्लबचा अध्यक्ष कॉन बकली याला तर इतकं माहीत होतं, की त्या आठवड्यात त्यानं मला दिवसातून चारदा फोन केला.

कॉन माझ्याच वर्गातला. माणूस प्रेमळ, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मी साइव्हला बाजूला घेऊन विचारावं, की बाळ, दोन्ही जमेल का? पोरगी शहाणी आहे, इशारा समजेल, आपणहून फुटबॉल सोडेल. हुकूम नाही करायचा, नुसतं विचारायचं. आणि मी विचारत नसेन तर तो विचारेल. मी त्याला म्हटलं, तू तिला विचारलंस तर तुझ्या अंगावर बस घालीन, दोन नंबरची, वेळापत्रकाप्रमाणे. त्यावर तो म्हणाला की हरलो तर लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे. माहीत होतं. पुन्हा डेर्वलानंच घालवलं, असं म्हणतील. आणि पुढच्या वर्षी मॅनेजर दुसरा असेल, हे तो म्हणाला नाही, पण फोन ठेवायला त्यानं जरा जास्त वेळ घेतला.

फुटबॉलची मॅनेजर कोण? नोएलीन क्रोनिन. माशांचं दुकान आता तीच चालवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणी कुणाला? गुरुवारी दुपारी बसची पाळी संपल्यावर मी बाजारात तिच्या दुकानी गेले. ती बर्फावर हॅडक मासे मांडत होती. बांगड्याचा वास आला आणि मला नेहमीप्रमाणे विनाकारण हसू फुटलं. तिला न बोलता कळलं मी का आलेय. तिच्यावरही दबाव होता. रविवारसाठी पोरीला राखून ठेवू नकोस, शेवटच्या मिनिटापर्यंत पळव, असं तिचे लोक तिला सांगत होते. तिनं विचारलं, तू विचारलंस का साइव्हला? मी म्हटलं नाही. ती म्हणाली मीही नाही. तिनं मला एक हॅडक कागदात गुंडाळून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाली की माझा बूट तुझ्याकडेच आहे अजून. तो खरंच आहे, जिन्याखालच्या कपाटात.

संध्याकाळी सरावाला साइव्ह सगळ्यांच्या आधी आली. भिंतीवर चेंडू मारत होती, टप्प टप्प, एकसारखा. मला बघून थांबली नाही. चेंडू मारता मारताच म्हणाली, "कॉन म्हणतो तू मला काहीतरी विचारणार आहेस."

"कॉन बरंच म्हणतो."

"मग विचार ना. दोन्ही जमेल का, विचार. मी सांगते जमेल म्हणून."

"म्हणूनच नाही विचारत," मी म्हटलं. "त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते मला पाठ आहे."

तिनं चेंडू काठीवर झेलला आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला. म्हणजे मला घेणार नाहीस, असं ती म्हणाली नाही, पण काठी खाली आली. मी तिला सांगितलं की शनिवारी मन लावून फुटबॉल खेळ, एक पाऊलही रविवारसाठी राखू नकोस. रविवारी सुरुवातीला तू माझ्या शेजारी बाकावर बसशील, कोट घालून, आणि मी बोलवीन तेव्हा उतरशील. तुझी अकरा नंबरची जर्सी दुसरी घालेल. ती म्हणाली मी लहान आहे का? मी म्हटलं, हो. मग ती पुन्हा भिंतीवर चेंडू मारायला लागली, आधीपेक्षा जोरात, आणि मला त्या आवाजात माझं बालपण ऐकू यायला लागलं. भावाची मोडकी काठी, वडिलांनी पत्र्याची पट्टी ठोकून सांधलेली, माझ्यापेक्षा वीतभर उंच. सगळं अंगण त्या टप्प टप्पनं भरलेलं असायचं, आई खिडकीतून म्हणायची डोकं उठलं, आणि मी म्हणायची एकच शेवटचा, आणि शेवटचा कधी यायचाच नाही. किती सुख होतं. ते मी विसरूनच गेले होते. एका शिट्टीखाली सगळं दाबून टाकलं होतं मी, सरावाच्या कपड्यांच्या ढिगासारखं.

शुक्रवारी जर्सी वाटल्या. साइव्हला वीस नंबर दिला, बाकावरचा. रात्रीच्या जेवणाच्या आत सगळ्या टेकडीला कळलं. शनिवारी सकाळी बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस तिकिटाआधी मला सल्ला देत होता. पाद्रीबुवा म्हणाले प्रार्थना करतो, पण कुणासाठी ते सांगितलं नाही. दुपारी मी फुटबॉलची फायनल बघायला गेले. साइव्ह खेळली म्हणजे काय खेळली. मी स्कोअर बघतच नव्हते, तिचे हात बघत होते. जमिनीवरून चेंडू तिनं सतरा वेळा उचलला, न बघता, दोन्ही हातांनी, घाईत दार उघडावं तसा. नोएलीनच्या पोरी पाच गुणांनी जिंकल्या. नोएलीननं मैदानापलीकडून मला बघितलं आणि खांदे उडवले, म्हणजे आता पुढचं तुझं तू बघ.

आणि रविवार उजाडला. स्वच्छ ऊन, थंडी, गवत भिजलेलं. बाकावर साइव्ह माझ्या शेजारी कोट घालून बसली होती आणि तिचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला. मागं स्टँडमध्ये कॉन इतक्या वेळा उठत-बसत होता, की मिसेस ट्वोमींनी त्याला एक सफरचंद देऊन गप्प बसवलं असं मला नंतर कळलं. पोरी जिवावर उदार होऊन खेळल्या, पण पंधरा मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागं होतो. स्टँडमधून साइव्हच्या नावाचा ओरडा सुरू झाला होता. मी तिचा कोट काढून घेतला. काहीच विचारलं नाही. ती अशी सुटली, की बाकावरचं पाणी सांडलं. दुसऱ्याच मिनिटाला तिनं गोल मारला. मग एक गुण दांडीवरून, आणि दोन मिनिटं उरली असताना कोपऱ्यातून अजून एक. आम्ही एका गुणानं पुढं. माझ्या आयुष्यात मी एवढी ओरडले नाही. गळ्यातली शिट्टी तोंडात होती हे विसरून ओरडले, त्यामुळे ती वाजली आणि पंचानं माझ्याकडे डोळे वटारले.

शेवटचं मिनिट. डूनकारानं लांब चेंडू टाकला, आमच्या गोलसमोर काठ्यांचा खडखडाट झाला, आणि चेंडू त्यातून निसटून गवतावर आला. थांबला. साइव्ह मागं धावत आली होती. आसपास कुणी नव्हतं. तिला वेळ होता. मी तिच्याकडे बघत होते आणि मला माझ्याच डाव्या तळव्यात काहीतरी कळलं, तिच्या आधी. ती वाकली. काठी उजव्या हातात, आणि डावा हात सरळ खाली गेला, कुठेही न थबकता, इतका खात्रीनं. तिनं चेंडू उचलला.

शिट्टी. मैदानात सगळं गप्प. डूनकाराच्या पोरीसुद्धा गप्प, त्यांचा विश्वास बसेना. आणि मग त्या शांततेत मागून, स्टँडच्या मधोमध, मिसेस ट्वोमींचा आवाज आला, "अगं बाई. डेर्वला केलं." आणि मला हसू आलं. काही केल्या थांबेना. कमरेत वाकून हसत होते मी. कॉनला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. डूनकारानं फ्री हिट दांडीवरून घातली, बरोबरी झाली, आणि त्यावरच सामना संपला. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचं. कप तसाच टेबलावर, त्याला कुणाच्या रंगाच्या फिती बांधायच्या ते ठरलं नाही. मी हसतच होते आणि माझे गाल ओले झाले होते. सव्वीस वर्षं मी समजत होते की ती चूक थकव्यामुळे झाली, एकोणीस मैलांमुळे, माशांच्या व्हॅनमुळे, मास्टरांनी विचारल्यामुळे, आणि तसं कुणाला होऊ दिलं नाही की ती पुन्हा होणार नाही. मी पोरीला बाकावर बसवलं, विचारलं नाही, पंधराच मिनिटं खेळवली. तरी झालीच. हाताला दोन्ही घरं आपली वाटत होती, दुसरं काही नाही. माझ्याही हाताला.

साइव्ह गोलसमोर तशीच उभी होती, काठी खाली टाकून, आपल्या डाव्या तळव्याकडे बघत. बाकीच्या पोरी तिच्या भोवती, पण चार हात लांब. कुणाला काय बोलावं कळत नव्हतं. मी ती जागा ओळखत होते. तिथं कशी थंडी वाजते ते मला माहीत होतं. मी मैदानात गेले. गुडघा दुखत होता, लंगडत गेले. ती वर बघायला तयार नव्हती. म्हणाली, "मला विचारलं असतंस तरी मी हेच केलं असतं." आणि हुंदका आला तिला.

"केलं असतंस," मी म्हटलं. "कसा वाटला हातात?"

तिनं डोळे वर केले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "छान."

"हो ना?" मी तिच्या खांद्यावर हात टाकला. "बरं झालं आलीस गं. सव्वीस वर्षं एकटीच होते मी इथं. फार कंटाळा आला होता."

ती नाक शिंकरत हसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही. बाकीच्या पोरी जवळ आल्या. स्टँडमधून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि नोएलीन कुंपणावरून चढून येताना पडली. साइव्हनं बाहीला डोळे पुसले आणि विचारलं की पुढच्या रविवारी तिचं काय. मी विचारलं शनिवारी काय आहे? ती म्हणाली, काही नाही, फुटबॉल संपला. मी म्हटलं मग अकरा नंबर तुझा. चेंडू आमच्या पायाशी गवतात पडला होता. मी वाकले, डाव्या हातानं उचलला, आणि पिशवीत टाकला.